खिळ्यावरचे देव

आमच्या भागात एखाद्या घरात कपाट नसेल, टेबल नसेल, पण भिंतीला कॅलेंडर नाही असे घर मी अजून पाहिलेले नाही. एका खिळ्यावर चारचार सालांची कॅलेंडरे एकावर एक लटकलेली असतात. सर्वांत वरचे चालू सालचे, आणि त्याच्या पाठीमागे जुनी, कारण त्यांच्यावर देव आहे आणि देवाला कुणी उकिरड्यावर टाकत नाही. हुमनाबादच्या कुठल्याही गल्लीतून संध्याकाळी दारे उघडी असताना चालत जावे. एका घरात बसवेश्वर दिसतील, पलीकडच्या घरात मक्का-मदिना, त्याच्या पलीकडे विठोबा, आणि माणिकनगर इतके जवळ असल्यामुळे माणिकप्रभू तर कितीतरी घरांत. खिळा मात्र सगळीकडे एकाच जातीचा, लोहाराकडचा किंवा किराणा दुकानातला, आणि त्याखाली पत्र्याची पट्टी लावलेला चकचकीत कागद.

हा कागद विकत घ्यायचा नसतो. तूर घालायला गेलेला शेतकरी अडत दुकानातून परत येतो तेव्हा हिशेबपट्टीबरोबर त्याच्या काखेत एक सुरळी असते. सराफ देतो, कापडवाला देतो, खताचा दुकानदार देतो. माझ्या वडिलांच्या लहानपणी तर म्हणे अडत्याकडे कुठल्या देवाचे कॅलेंडर आले आहे याची चौकशी करून मगच आजोबा माल कुठे घालायचा ते ठरवीत. यात अतिशयोक्ती किती ते मला माहीत नाही. आजी मात्र ही गोष्ट शपथेवर सांगते.

आता या कॅलेंडरांतील तारखांचा उपयोग कुणाला होता? तिथी पाहायची तर सोलापूरचे दाते पंचांग होते, आणि १९७३ पासून 'कालनिर्णय' निघाल्यावर मराठी घरांत एकादशी, चतुर्थी आणि दुधाचा हिशेब त्याच्यावरच होऊ लागला. चित्राच्या कॅलेंडराला खाली चिकटवलेले तारखांचे छोटे पुस्तक महिन्या-महिन्याने फाटत जाई आणि डिसेंबरअखेर नुसते चित्र उरे. म्हणजे ते मुळात हवे होते चित्रासाठीच. ज्या घरांत कुणी जन्मात चित्रांचे प्रदर्शन पाहिले नाही, त्या घरांत दरवर्षी एक नवे चित्र येत होते. कुठले ठेवायचे, कुठले काढायचे, कुठल्याला काच लावून घ्यायची, यावर बायकांमध्ये चर्चा होत होती. ती चर्चा कुणी लिहून ठेवली नाही, नाहीतर चित्रकलेच्या समीक्षेत तिचीही भर पडली असती.

आमच्या देवघराच्या वर असेच एक काच लावलेले राधाकृष्णाचे चित्र आहे. मागे दिवाळीच्या तोंडावर भिंतींना चुना द्यायचा होता म्हणून ते खाली उतरवले. काचेच्या आत वाळवी शिरली होती. फ्रेम सोडवून कागद बाहेर काढला तेव्हा मला प्रथमच ते हातभर अंतरावरून पाहायला मिळाले. कृष्णाच्या कपाळावर आजीने वर्षानुवर्षे काचेवरून गंध लावल्यामुळे काचेवर तेवढा डाग कायमचा होता, पण त्याखालचा रंग मात्र बाकीच्या चित्रापेक्षा ताजा राहिला होता. उन्हाने बाकीचा निळा फिकट झालेला, गंधाखालचा निळा तसाच. चित्राच्या खाली अडत दुकानाचे नाव कन्नडमध्ये आणि मराठीत, आणि पत्ता 'हुमनाबाद, म्हैसूर राज्य'. राज्याचे नाव कर्नाटक झाले १९७३ साली. म्हणजे कागद त्याच्या आधीचा. आणि उजव्या कोपऱ्यात, फ्रेमच्या लाकडाखाली इतकी वर्षे दडलेली, एक सही: एस. एम. पंडित.

"काय बघायलीस गं एवढं?" आजीने विचारले.

"नाव आहे इथं. ज्यानं काढलं त्याचं."

आजीला याचे मोठे नवल वाटले. तिच्या मते देवाचे चित्र छापखान्यात तयार होते. ते आधी कुणा माणसाने हाताने काढलेले असते आणि त्या माणसाला नाव असते, ही गोष्ट इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितली नव्हती. आणि तो माणूस आपल्या गुलबर्ग्याचा, हे ऐकल्यावर तर ती म्हणाली, "गुलबर्ग्याचा? मग आपल्या बोलण्यात कधी आला नाही तो."

खरोखरच, तो आमच्या बोलण्यात कधी आला नाही. म्हणून हे लिहायला घेतले आहे.

संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म २५ मार्च १९१६ रोजी गुलबर्ग्यात झाला. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आज आपण त्याला कलबुर्गी म्हणतो. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी गावातच शंकरराव आळंदकर यांच्याकडे घेतले. आळंदकर स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले. पुढे पंडित मद्रासला शिकले आणि तेथून मुंबईला गेले. मुंबईत जी. एस. दंडावतीमठ यांचे नूतन कला मंदिर होते. कर्नाटकातून मुंबईला चित्रकला शिकायला जाणाऱ्या मुलांना हे नाव ओळखीचे होते, के. के. हेब्बारही तेथे शिकलेले. त्यानंतर जे. जे. स्कूल. गुलबर्गा, मद्रास, मुंबई असा हा प्रवास आगगाडीच्या नकाशावर सरळ आहे, कारण मुंबई-मद्रास लोहमार्ग गुलबर्ग्यावरूनच जातो. स्टेशनात उभ्या राहिलेल्या मुलाला एका बाजूची गाडी मद्रासला नेई आणि दुसऱ्या बाजूची मुंबईला. आमच्या हुमनाबादला रेल्वे आली ती थेट २०१७ साली. पण तो विषय वेगळा.

मुंबईत पोट भरायचे तर चित्रकाराला तेव्हा दोन दारे उघडी होती, जाहिरात आणि सिनेमा. पंडित रतन बत्रा यांच्या जाहिरातसंस्थेत काम करू लागले. १९३८ साली धोबी तलावाजवळ मेट्रो थिएटर उघडले. ते अमेरिकेच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचे होते. सिनेमागृहाच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटांतून लावायची रंगीत चित्रे, ज्यांना शोकार्ड म्हणत, ती पंडित करीत. अमेरिकन नट-नट्यांचे चेहरे, गालावरचा उजेड, केसांवरची चमक, हे सगळे त्यांनी त्या छोट्या कार्डांवर पोस्टर कलरमध्ये आणले. ज्याने पोस्टर कलर कधी हाताळला आहे त्याला यातली अडचण कळेल. हा रंग बघता बघता वाळतो, आणि वाळताना बदलतो. गडद रंग थोडा उजळतो, फिका थोडा काळवंडतो. तेलरंगात गालाची गोलाई ओल्यावर ओले फिरवून साधता येते. इथे तसे नाही. एकाशेजारी एक बारीक फटकारे मारून ती गोलाई उभी करावी लागते, आणि वाळल्यावर काय दिसेल याचा हिशेब आधीच डोक्यात करून ठेवावा लागतो. मी शाळेत ड्रॉइंगच्या लोअर परीक्षेसाठी एक साधे वांगे या रंगात काढताना रडकुंडीला आले होते. पंडितांनी या रंगात नायिकेच्या ओठांवरचा ओलावा दाखवला आहे.

बाबूराव पटेल यांचे 'फिल्मइंडिया' हे मासिक त्या काळी मुंबईत गाजत होते. पटेलांच्या लेखणीला नट-निर्माते टरकून असत. त्या मासिकाची अनेक मुखपृष्ठे पंडितांनी रंगवली. आतल्या पानांवर ज्याची सालटी निघत, तोच मुखपृष्ठावर देवासारखा उजळून निघे, अशी गंमत. पुढे पंडितांनी शिवाजी पार्कला स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि सिनेमाच्या कामाबरोबरच कॅलेंडरांसाठी पुराणातली चित्रे करू लागले. विश्वामित्र-मेनका, नल-दमयंती, राधाकृष्ण, रणांगणावर अर्जुनाला उपदेश करणारा कृष्ण, शिव, काली. रामायण-महाभारतातला आणि पुराणांतला केवढा तरी भाग त्यांच्या कुंचल्यातून कागदावर आला आणि कागदावरून आमच्या खिळ्यांवर.

देव कॅलेंडरावर बसवण्याची वाट त्यांच्या आधी राजा रविवर्मा यांनी पाडून ठेवली होती. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती शिळेवर छापली जाई. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि एकेका चित्राला अशा कितीतरी शिळा. पंडितांच्या वेळेपर्यंत तंत्र बदलले. मूळ चित्राचा फोटो घेऊन त्याचे पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार भाग पाडायचे, आणि बारीक ठिपक्यांनी ते एकावर एक छापायचे. आमच्या राधाकृष्णावर मी वडिलांचे भिंग धरून पाहिले. राधेचा गाल भिंगाखाली गेला की गाल राहत नाही. तांबडे-पिवळे ठिपके होतात, मोहरी सांडल्यासारखे. भिंग वर उचलले की पुन्हा राधा.

पण रविवर्म्यांची लक्ष्मी आणि पंडितांची राधा शेजारी ठेवली तर फरक लगेच ध्यानात येतो. रविवर्म्यांच्या देवता समोर तोंड करून, शांतपणे, एखाद्या घरंदाज बाईने फोटोला बसावे तशा असतात. पंडितांच्या चित्रांत कुणी बसून राहत नाही. वाऱ्याने पदर उडालेला असतो, मान वळलेली असते, कुठून तरी तिरपा उजेड येतो आणि खांद्यावर पडतो. देहाला वजन आहे. शंकराच्या दंडात बळ आहे, विश्वामित्राच्या छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. हे सगळे मेट्रोच्या काचेच्या कपाटातून आलेले आहे हे उघड आहे. सिनेमाच्या दिव्यांचा उजेड त्यांनी गोकुळात नेला. माझी आजी आयुष्यात चारदोनच सिनेमे पाहिलेली. तिच्या कृष्णाला मात्र नायकाचा चेहरा होता आणि तिला ते कधी खटकले नाही. खटकायचे कारण काय? कीर्तनकार बुवा सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात तेव्हा आपण माना डोलावतोच ना?

त्यांची सगळीच चित्रे मला सारखी आवडतात असे नाही. काही चित्रांत दागिने इतके आहेत की माणूस सापडत नाही. स्त्रियांचे चेहरे पुष्कळदा एकाच घरातल्या बहिणींसारखे दिसतात, आणि दुःखाच्या प्रसंगातही कुणाच्या डोळ्यांतले काजळ विसकटत नाही. मागणी तसा पुरवठा हे कारण असेल. कॅलेंडर देणाऱ्या दुकानदाराला रडणारी द्रौपदी वर्षभर भिंतीवर नको असते. पण त्यांची काली पाहावी. ते स्वतः कालीचे उपासक होते. तेथे गोडवा संपतो आणि चित्रकार दुकानदाराला विसरतो.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा लेख लिहिताना ती मला सारखी टोचत होती. आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला एखाद्या मुलाने गुळगुळीत रंग लावून देवाबिवाचे चित्र आणले, की सर चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "हे काय, कॅलेंडर!" त्या एका शब्दात चित्राचा निकाल लागे. सर मनाने चांगले होते, आणि ते शब्द त्यांचे स्वतःचे नव्हते. त्यांनाही कुणीतरी तसेच म्हणून शिकवले असणार. चित्रकलेच्या जगात 'कॅलेंडर' ही जवळजवळ शिवी आहे. मग मी पुस्तकांतून शोधू लागले. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास म्हणून जो सांगतात, त्यात मुंबईचा १९४७ सालचा प्रोग्रेसिव्ह गट येतो; सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे ही नावे येतात. पंडित त्यात सहसा येत नाहीत. ते त्याच वेळी, त्याच मुंबईत, त्यांच्यापासून काही मैलांवर काम करीत होते.

आणि हुसेनांचे पाहा. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. पंडितांचा १९१६ सालचा, गुलबर्ग्याचा. मध्ये सोलापूर. दोघेही या कोरड्या, काळ्या मातीच्या मुलखातले; दोघेही मुंबईला गेले; दोघांनीही सिनेमासाठी रंग हाती घेतला. हुसेन परातीवर चढून सिनेमाची अवाढव्य होर्डिंगे रंगवीत, पंडित टेबलावर बसून शोकार्डे. एकाला लांबून दिसणारा ठसठशीत फटकारा सापडला, दुसऱ्याला जवळून पाहायची गुळगुळीत त्वचा. मला वाटते दोघांचे पुढचे आयुष्य या कामाच्या मापातच लिहिलेले होते. हुसेन कलादालनात गेले, जगभर गेले, पुढे त्यांच्या देवदेवतांच्या चित्रांवरून रणकंदन झाले, २००६ नंतर ते देशाबाहेरच राहिले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. पंडितांच्या देवदेवतांवरून कुणी भांडले नाही. त्यांच्यापुढे उदबत्ती लागली. हुसेनांना शिव्या देणाऱ्यांना निदान त्यांचे नाव ठाऊक होते. पंडितांपुढे हात जोडणाऱ्यांना तेही नव्हते. यातले कुठले भाग्य म्हणायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मराठी वाचकाला या परंपरेतली दुसरी दोन नावे अधिक जवळची आहेत, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे. दलाल तर पंडितांच्याच सालचे, १९१६ चे. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू केला आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला एक रूप दिले. मुळगावकरांचे देव पंडितांच्या देवांइतकेच घराघरांत गेले, आणि त्यांच्या उजेडावर पंडितांची छाया आहे असे जाणकार म्हणतात. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. त्यांच्यावर मराठीत प्रेमाने लिहिले गेले आहे. पंडितांवर मराठीत त्या मानाने थोडे. याचे एक कारण सरळ आहे. मराठीला ते कानडी वाटले आणि कानडीला ते मुंबईचे वाटले. आमच्या या वार्षिकाचीच गोष्ट घ्या. मी विषय सांगितला तेव्हा कन्नड विभाग पाहणारी माझी मैत्रीण म्हणाली, "पंडित तर आमचे. तू मराठीत कसे लिहितेस?" मी म्हटले, "आमच्या देवघरावर चाळीस-पन्नास वर्षे आहेत, भाडे तरी द्यायला नको का?" शेवटी असे ठरले की तिनेही लिहावे आणि मीही. संपादकांनी पाने दिली तर याच अंकात दोन्ही बाजूंनी पंडित सापडतील.

राधाकृष्णाच्या त्या कागदाचे पुढे काय करायचे यावर आमच्या घरात आठ दिवस चर्चा चालली. आजीचे म्हणणे सरळ होते. कागदाला वाळवी लागली, देवाच्या पायाशी भोक पडले. भंगलेला देव घरात ठेवू नये, विहिरीत सोडावा. तिने असे कितीतरी देव सोडले आहेत. माझे म्हणणे, हे चित्र आहे, याच्यावर सही आहे, हे जपले पाहिजे. लोक आता पंडितांची मूळ चित्रे लिलावात किमती देऊन घेतात. "म्हणजे तू विकणार आहेस काय?" आजी म्हणाली. मी म्हटले, मूळ चित्र वेगळे, हा तर छापील कागद, याला कोण घेणार. "मग ज्याला कुणी घेत नाही ते ठेवून काय करतीस?" या प्रश्नाला मला उत्तर सुचेना. वडील मध्ये पडले नाहीत. ते अशा वेळी वर्तमानपत्र वाचतात. आई म्हणाली, नवीन राधाकृष्ण बाजारातून आणू, हा काढून टाकू. तर आजी तिच्यावरही चिडली. बाजारातला नवा राधाकृष्ण तिने पाहिला होता. संगणकावर केलेला असावा. त्यावर कुणाची सही नाही आणि कृष्णाचा चेहरा, आजीच्या शब्दांत, "साबण लावून धुतल्यावानी".

मला हे महत्त्वाचे वाटते. जिला चित्र हाताने काढतात हे माहीत नव्हते, तिला दोन चित्रांतला फरक माहीत होता. कुठला कृष्ण तिच्याकडे पाहतो आणि कुठला पाहत नाही, हे तिला कुणी शिकवलेले नव्हते. आमचे सर जे एका शब्दात निकालात काढत, त्यात ही बाई बारीक भेद करीत होती, आणि तो भेद पंडितांच्या बाजूने पडत होता.

आठव्या दिवशी तिनेच तोड काढली. मला बोलावून म्हणाली, "तो कोपरा कातरून घे. नाव तुझ्याजवळ ठेव. देव मी सोडते." मी कातरी आणली. कागद पाटावर पसरला होता. कोपऱ्याला कातरी लावली आणि हात चालेना. कोपरा कापला तर सही उरेल, पण ती कशाची सही म्हणून दाखवू? आणि सही कापलेला राधाकृष्ण विहिरीत जाईल तो पुन्हा छापखान्यात तयार झालेला, बिननावाचा. मी कातरी ठेवून दिली. आजीने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि कागदाची सुरळी करून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. म्हणजे विसर्जनही नाही आणि पूजाही नाही. अजून ती माळ्यावरच आहे. दिवाळीनंतर दोन अमावास्या झाल्या, पण विहिरीचे नाव तिने काढलेले नाही.

पंडित उत्तरायुष्यात मुंबई सोडून गुलबर्ग्याला परतले. ज्या गावातून आगगाडीने निघाले त्याच गावात त्यांनी चित्रे काढली, देवीची उपासना केली, आणि ३० मार्च १९९३ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस होऊन पाचच दिवस झाले असताना, ते वारले. विवेकानंदांचे त्यांनी केलेले चित्रही पुष्कळांना माहीत आहे, पुन्हा एकदा, चित्रकाराच्या नावाशिवाय. गुलबर्ग्याने मात्र त्यांचे नाव ठेवले आहे. शहरातले मोठे नाट्यगृह डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर म्हणून ओळखले जाते. नाटके, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलने, सरकारी कार्यक्रम सगळे तेथे होतात. 'रंगमंदिर' हे नाव त्यांना शोभते खरे, पण त्यातला रंग वेगळा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचा चमू एकांकिका घेऊन कलबुर्गीला गेला होता. हुमनाबादहून सकाळच्या गाडीत बसलो. पेट्या, दाढ्या-मिशा, एक लाकडी तलवार असा सगळा सरंजाम बरोबर. प्रयोग त्याच रंगमंदिरात. आमचा क्रमांक चौथा होता आणि पहिलीच एकांकिका संपता संपत नव्हती, म्हणून मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. वर मोठ्या अक्षरांत नाव. आमच्यातल्या एकाला मी विचारले, हे पंडित कोण? तो म्हणाला, "असतील कुणी आमदार." दुसरा म्हणाला, नाटककार असावेत. तिसऱ्याने सांगितले, रंगमंदिर बांधायला जागा देणारे. मी काही बोलले नाही. त्यांना त्यांच्या मिशा चिकटवायच्या होत्या.

दाराशी एक वयस्क रखवालदार बसला होता. डोक्याला मफलर, हातात चहाचा कप. त्याला मोडक्या कानडीत विचारले. तो हसला आणि म्हणाला, "दोड्ड आर्टिस्ट इद्रु री." मोठे आर्टिस्ट होते. मग कप खाली ठेवून, आपण ऐरेगैरे नाही हे मला कळावे म्हणून असेल, त्याने सांगितले की त्याच्या घरी पंडितांच्या हातची काली आहे, वडिलांच्या वेळेपासून.

मी चकितच झाले. विचारले, त्यांनी स्वतः दिली होती का?

"इल्ल री," तो म्हणाला, "क्यालेंडर."

तेवढ्यात आतून आमच्या नावाचा पुकारा झाला.